कांदेनवमीनंतरचा कांदा

आषाढ शुद्ध नवमीला भजी, थालीपिठं, झुणका असा कांद्याचा फडशा पाडायचा आणि एकादशीपासून चार महिने त्याचं नाव काढायचं नाही, हा सासूबाईंचा शिरस्ता. आणि नेमकी त्याच सुमारास ठाणे स्टेशनबाहेर फोडशी ही रानभाजी येते.

येऊरकडच्या बायका प्लास्टिकच्या कागदावर जुड्या मांडून बसतात. लांब, चपटी हिरवी पाती, खाली पांढरा देठ. लांबून बघणाऱ्याला पातीचा कांदाच वाटावा. "मधला दांडा काढून टाक गं ताई, कडक असतो," असं विकणारी बजावतेच. घरी आणली की बुडाशी एकेक पातं सोडवून आत बसलेली लाल माती धुवायची. घाई केली तर दाताखाली कचकच ठरलेली. पण नाकाला लावा, कांद्याचा मागमूस नाही. ही सफेद मुसळीच्या गोतातली. त्यामुळे चातुर्मासात मूगडाळ घालून खुशाल चालते. (कांद्याशिवाय ती जरा मिळमिळीतच लागते, पण हे मी घरात बोलत नाही.) आपल्याकडच्या डोंगरात हुबेहूब कांद्यासारखा गड्डा असलेला कोळकांदाही आहे, पण तो विषारी. दिसण्यावर जाऊ नये ते असं.

आमच्या वरच्या मजल्यावर कुमाऊंच्या भाभी राहतात. गावाहून येताना त्या जंबूची पुडी आणतात. दिसायला निव्वळ वाळकं गवत, मध्ये फुलांचे चुरलेले तुकडे. हा मात्र अस्सल कांदेकुळातला. हिमालयात खूप उंचावर होतो. पाती आणि फुलं वाळवून ठेवतात. नेपाळात मुस्तांगकडे याच्याच भावंडांना जिम्बू म्हणतात आणि डाळीला त्याची फोडणी देतात. कोरडा असताना वास जेमतेम. तापलेल्या तुपात चिमूटभर टाकला की क्षणात काळपट होतो आणि कांदा, लसूण, हिंग असा सगळा मिळून घमघमाट जिन्यापर्यंत जातो.

श्रावणात भाभींनी वाटीभर उडदाची डाळ पाठवली. सासूबाईंनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं. हा कांदाच आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"हिंग चालतो ना आपल्याला?" त्या म्हणाल्या. "मग हा पहाडातला हिंग समजायचा. भात वाढ."