तुम्ही विचारलंत म्हणून: एपेंडायमल पेशी पाठीत आहेतच, मग तुटलेला मज्जारज्जू जोडत का नाहीत?

"मॅडम, तुम्ही त्याच पेशींवर काम करता ना? मग आमच्या माणसाचं काही होईल का?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत येतो, आणि हल्ली सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर येतो. सोबत एमआरआयचा फोटो. दरवेळी अर्धवट काहीतरी बोलून मी सुटते. आज सगळं सांगते.

नाही. एपेंडायमल पेशी माणसाचा तुटलेला मज्जारज्जू जोडत नाहीत. आणि "स्टेम सेल" (नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी) म्हणून पैसे घेऊन जे टोचतात, त्यात या पेशी नसतातच. बहुतेक ठिकाणी कमरेच्या हाडातली मज्जा काढून तीच पाठीतून सोडतात.

"पण त्या दुरुस्ती करतात, असं तुम्हीच भाषणात सांगितलं होतंत की!" हो, सांगितलं होतं. १९९९ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की मेंदूच्या पोकळ्यांचं आणि मज्जारज्जूच्या मधल्या नळीचं अस्तर असलेल्या या पेशी म्हणजे मूलपेशी आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मेंदूतला तो मान शेजारच्या ॲस्ट्रोसाइटना (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना) दिला, आणि मेंदूपुरतं पारडं पुढे त्यांच्याच बाजूने झुकत गेलं. मज्जारज्जूत मात्र इजा झाली की एपेंडायमल पेशी भराभर विभागतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं. "दुरुस्त करणारे आपल्या आतच आहेत" असं मी विद्यार्थिनी असताना म्हणाले ते या जोरावर. त्या मुलीशी मी अजून भांडते. तू सभेत बसलेल्यांकडे बघितलं नाहीस, मी म्हणते. ती म्हणते, एवढा उत्साह नसता तर तू इतकी वर्षं टिकली असतीस का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रत्नागिरीकडचे एक काका आले होते. मुलगा नारळावरून पडलेला, डी-टेनला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, इजा, कमरेखाली संवेदना नाही, लघवीला नळी. त्याला गाडीत झोपवून काका एकटेच आत आले. फाइलमधून एका क्लिनिकचं पत्रक काढलं. वर एपेंडायमल पेशींचं चित्र, अगदी मेंदूतलं पाणी हलवणाऱ्या सिलियांसकट, म्हणजे केसांसारख्या तंतूंसकट, आणि खाली इंजेक्शनांचं पॅकेज. मी म्हटलं, काका, चित्रातल्या पेशी वेगळ्या, टोचणार त्या वेगळ्या.

"मग तुमच्या टोचा."

माझ्याकडे बाटलीत नाहीत हो. त्या त्याच्या पाठीतच आहेत.

काका जरा वेळ गप्प बसले. "म्हणजे आहेत, पण काम करत नाहीत?"

करतात, मी सांगू लागले. फ्रिसेन यांच्याच गटाने २०१३ मध्ये उंदरांत त्यांचं विभाजन रोखून बघितलं, तर जखम खोल होत गेली आणि आणखी चेतापेशी मेल्या. म्हणजे त्या जखमेला बांध घालतात. पण त्यांची पिल्लं बहुतेक ॲस्ट्रोसाइट होतात, चेतापेशी होत नाहीत.

"हे उंदराचं झालं. पोराचं?"

प्रौढ माणसात ती मधली नळी बहुतेक ठिकाणी बुजलेली असते, पेशी विस्कटलेल्या असतात, त्यामुळे उंदराचा हिशेब तसाच्या तसा लागत नाही. हे मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं माझे सहकारी म्हणतात. मला ते अजून पटलेलं नाही. त्याऐवजी मी दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीच्या नळीची स्वच्छता, फिजिओथेरपी असं सांगत बसले. काकांनी ऐकून घेतलं. "हे हॉस्पिटलात सांगितलंय," म्हणाले.

त्यांनी इंजेक्शनं घेतली. काही महिन्यांनी फोन आला, मुलगा आधाराशिवाय बसतो. मी म्हटलं, फिजिओथेरपी. ते म्हणाले, इंजेक्शन. दोन्ही एकाच सुमारास सुरू झालेलं, त्यामुळे पुरावा ना त्यांच्याकडे ना माझ्याकडे. चाचणीत इंजेक्शन न दिलेला दुसरा गट लागतो तो याचसाठी, पण हे त्या फोनवर कोण बोलणार?

राग मला काकांचा येत नाही, क्लिनिकवाल्यांचा येतो. रक्ताच्या काही आजारांतलं मज्जारोपण वगळता मूलपेशींचे बाकीचे उपयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करावेत, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज कसलं लावता?

"मग हाती काहीच नाही का?" आहे, पण तुम्हाला हवं ते नाही. गंगेच्या खोऱ्यातला झेब्राफिश हा छोटा मासा मज्जारज्जू कापला तरी सहा-आठ आठवड्यांत पुन्हा पोहतो, आणि तुटलेल्या टोकांमधला पूल बांधतात त्या मज्जारज्जूच्या मधल्या नळीच्या अस्तरातल्याच पेशी. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या गटाने जनुकीय बदल केलेल्या उंदरांत एपेंडायमल पेशींना वेगळी वाट दाखवली. इजेनंतर त्यांनी ऑलिगोडेंड्रोसाइट तयार केल्या, आणि या पेशींनी उघड्या पडलेल्या चेतातंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं स्निग्ध, आवरण चढवलं. माणसाच्या पाठीत तसा जनुकीय बदल आज करता येत नाही.

तर "काम चालू आहे ना?" याला मी हो म्हणते, आणि तेवढं "हो" घेऊन तुम्ही कुठे जाल या धास्तीने लगेच "पण" जोडते. त्या "पण"चा तुम्हाला राग येतो, ते मला दिसतं. एमआरआयवर मी काही सांगू शकत नाही. मी पीएचडीवाली, औषध देणारी डॉक्टर नाही. पण कुणी पॅकेजचा आकडा सांगितला, तर पैसे भरण्याआधी फोन करा. रात्री केलात तरी चालेल.