तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल वाचताना छापील टिपांची मदत घ्यावी का?

प्रार्थनासभा संपून चपला घालता घालता हा प्रश्न हमखास येतो. वचन पुरेसं असताना खालच्या टिपा, भाष्यं, मागचे नकाशे कशाला? पवित्र आत्मा समजावून देईल ना?

देईल. पण तो माणसाकरवीही समजावतो, हे बायबलमध्येच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८: गज्जाच्या वाटेवर रथात बसून कूशी (इथिओपियाचा) अधिकारी यशयाचं पुस्तक वाचतोय. सुवार्ता सांगणारा फिलिप्प विचारतो, समजतंय का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? नहेम्याच्या आठव्या अध्यायातही मंदिराची सेवा करणारे लेवी मोशेचं नियमशास्त्र नुसतं वाचत नाहीत, अर्थ सांगत जातात.

तेव्हा टिपांची मदत घ्याच. आणि आपण कास्तकारांनी तर जरा जास्तच घ्यावी. गहू, खळं, मेंढरं, पेरणी, मजुरी, सगळं आपल्या ओळखीचं. शहरातला वाचक अडतो, म्हणून विचारतो. आपण अडतच नाही, आणि नेमकं तिथंच निसटतं.

१ शमुवेल १२ घ्या. लोकांनी राजा मागितला म्हणून संदेष्टा शमुवेल त्यांना खडसावतो. आज गव्हाचा हंगाम आहे ना, मग बघा, असं म्हणून तो देवाचा धावा करतो आणि गडगडाटासह पाऊस येतो. आमच्या सभेत हे वाचलं तेव्हा एक काका चटकन म्हणाले, "गव्हाच्या सोंगणीत पाणी येनं यात काय नवल? आपल्या इकडं तं येतेच." खरं आहे. मार्चमध्ये गहू उभा असताना गारपिटीनं आडवा झालेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण टीप सांगते की इस्राएलात पाऊस हिवाळ्याचा. साधारण ऑक्टोबरला सुरू होतो, एप्रिलपर्यंत ओसरतो. गहू कापायचा तो मे-जूनमध्ये, आभाळ कोरडं ठाक असताना. त्या दिवसांत तिथं पाऊस म्हणजे क्वचितच दिसणारी गोष्ट. हे ऐकून काकांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. अठराव्या वचनाशी आले, लोकांना फार भय वाटलं, आणि म्हणाले, "मंग तं भेतीनच ना लोकं!"

चांगल्या टिपेचं काम एवढंच. ती परत वचनाकडे पाठवते. वाचून पुस्तक मिटावंसं वाटलं, तर ती टीप आपल्या कामाची नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मदत म्हणजे संदर्भ, त्याच विषयाचं दुसरं वचन कुठं आहे हे सांगणारी, वचनाला जोडून दिलेली ती बारीक अक्षरं. अनुवाद नावाच्या पुस्तकात (२५:४) मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको म्हटलंय. हार्वेस्टर यायच्या आधी ज्यांनी खळ्यावर बैल फिरवले, त्यांना भाष्यकारानं बैल समजावण्याची गरज नाही. पण संदर्भ धरून १ करिंथ ९:९ ला गेलात, तर प्रेषित पौल तेच वचन सुवार्तेसाठी राबणाऱ्या माणसाच्या हक्काला लावताना दिसतो. १ तीमथ्य ५:१८ ला पुन्हा तेच. बायबलच बायबलचा अर्थ उघडतंय, आणि त्याला जास्तीचा एक रुपया लागत नाही.

जपायचं कुठं, तर टीप माहिती सोडून मत सांगू लागते तिथं. पावसाचे महिने ही माहिती. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली, हा आर्चबिशप अशर यांनी १६५० च्या सुमारास मांडलेला हिशेब. १७०१ पासून तो इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला वचनाइतकाच मान दिला. वचनांच्या डोक्यावरचे मथळेही मागाहून घातलेले आहेत. लूक १५ मधल्या दाखल्यावर 'उधळ्या पुत्र' असं लिहिलं की सगळं लक्ष धाकट्यावर जातं. येशू मात्र सुरुवात करतो ती एका माणसाच्या दोन मुलांपासून. धाकटा सगळं उधळून घरी परततो, त्या दिवशी थोरला वावरातून येतो, घरातला नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि आत जायला नकार देतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. आपल्या गावांत शेती सांभाळत मागे राहिलेले थोरले घरोघरी आहेत. हा दाखला त्यांनी मथळा झाकून वाचावा, अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून आधी वचन दोनदा वाचा, मग टीप. आणि सभेत वाचून दाखवताना वचन कुठं संपलं, टीप कुठं सुरू झाली, हे तोंडानं सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पानावरची रेघ दिसत नसते. मोबाइलवर फिरत येणाऱ्या स्पष्टीकरणाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसेल तर ते सभेत आणूच नका.

१९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही बायबलचं शिक्षण देणारी संस्था यवतमाळलाच होती, विचारायला मोठं ठिकाण जिल्ह्यात होतं. ती पुण्याला गेली. आता रात्री वाचताना अडलं तर टीपच जवळची. पैसे मोजके असतील तर मोठ्या अक्षराचं, संदर्भ आणि नकाशे असलेलं बायबल आधी घ्या. जाडजूड भाष्य मंडळीनं मिळून एकच घ्यावं. फक्त ते पाळकांच्या कपाटात कुलपात नको. चर्चमध्ये बाकावर ठेवा, म्हणजे बाजाराच्या दिवशी येणाऱ्यालाही बसून पाहता येईल.