डावा कान आणि प्रतिकारशक्तीवरचा संशय

मंगळवार, रात्री उशिरा

अचानक ऐकू येईनासे झालेल्या डाव्या कानासाठी सुरू झालेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सकाळी न्याहारीनंतर घेतल्या तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून वही उघडली आहे. वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅम, मात्र दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर नाही, हा मात्रेचा हिशेब तज्ज्ञांनी समजावून सांगितला, आणि या औषधाने साखर चढते, भूक खवळते व झोप उडते, याचीही कल्पना दिली होती.

डावा कान झोपेतून उठले तेव्हाच बंद होता. दडा बसला असेल, कोमट तेल घाल, असे घरच्यांचे म्हणणे पडले. परंतु नुसत्या दड्यात कानात असा अखंड भोंगा वाजत नाही, हे परिचारिका असलेल्या धाकट्या बहिणीच्या लक्षात आले आणि तिने मला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी नादकाटा वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. मळाने किंवा सर्दीने कान बंद झाला असेल, तर तो आवाज बंद कानाकडे झुकतो. मला तो केवळ उजव्या कानात ऐकू आला, आणि तेलाचा विषय तिथेच संपला. श्रवणचाचणीच्या आलेखावर उजव्या कानाची लाल वर्तुळे वरच्या बाजूला एका ओळीत होती, तर डाव्या कानाच्या निळ्या फुल्या पार खाली उतरल्या होत्या. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन वारंवारतांवर ३० डेसिबेल किंवा त्याहून अधिक घट झाली, तर तिला आकस्मिक बहिरेपणा म्हणतात. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विमानातून उतरताना अचानक ऐकू येईनासे झाल्याचे स्वतः जाहीर केले होते. तेव्हा ती बातमी मी हळहळून वाचली आणि विसरून गेले.

कारण विचारले असता तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की दहापैकी नऊ रुग्णांत निश्चित कारण सापडतच नाही. विषाणू, आंतरकर्णाला रक्त पुरवणाऱ्या एकुलत्या एक बारीक धमनीतील अडथळा, अथवा शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेने आंतरकर्णावर केलेला हल्ला, असे तीन संशय प्रामुख्याने घेतले जातात. तिसरा संशय माझ्या बाबतीत त्यांना महत्त्वाचा वाटला, कारण मी कित्येक वर्षे हाशिमोतोच्या आजारासाठी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने थायरॉइड ग्रंथीवर केलेल्या हल्ल्यासाठी, थायरॉइडची गोळी घेत आहे, आणि ज्याला प्रतिकारयंत्रणेचा एक आजार आहे त्याला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.

या संशयाचा इतिहास वाचताना मी गुंतून गेले. आंतरकर्ण हा रक्तापासून राखलेला, प्रतिकारपेशींना सहसा प्रवेश नसलेला भाग आहे, असा समज दीर्घकाळ होता. १९७९ मध्ये आयोवा विद्यापीठातील ब्रायन मॅकेब यांनी अशा १८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांची श्रवणशक्ती काही आठवड्यांत वा महिन्यांत ढासळत गेली होती आणि प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी सुधारली होती. आता आंतरकर्णातील एका छोट्या पिशवीत प्रतिकारपेशी असतात, हे माहीत झाले आहे. तरीही एखाद्या रुग्णापुरते सिद्ध करणे अवघडच आहे. मूत्रपिंडाचा किंवा त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, परंतु कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेल्या शंखाकृती कर्णावर्ताचा तुकडा काढायचा म्हणजे उरलेसुरले ऐकणेही घालवायचे. रक्ततपासणीत सापडणारी प्रतिपिंडे रोगाकडे बोट दाखवतात, पण एकट्याने निदान करण्याइतकी विश्वासार्ह ठरलेली नाहीत. शिवाय स्टेरॉइडने फरक पडला म्हणून प्रतिकारयंत्रणाच दोषी ठरत नाही, कारण ते औषध सूज कोणत्याही कारणाची असली तरी ओसरवते आणि कित्येकांचा कान उपचाराविनाही काही अंशी परत येतो. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाने स्टेरॉइडचा लाभ टिकवता येईल, या आशेने झालेली मोठी चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे उत्तर नकारार्थी निघाले. मला हा नकार खोट्या आशेपेक्षा बरा वाटला.

दिवसभर येणाऱ्या फोनवर मात्र ‘प्रतिकारशक्ती वाढव’ हाच एक मंत्र चालू आहे. कोणी गुळवेल सुचवतो, कोणी काढा पाठवतो. करोनाच्या काळापासून ही शक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असे आपल्या मनात बसले आहे. मी हे औषध घेत आहे ते तिला काही काळ आवर घालण्यासाठी, हे मावशींना समजावताना माझाच आवाज चढला आणि त्या दुखावल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी काढा घेणार नाही.

उजव्या कानाकडे मी सध्या संशयाने पाहते. आकस्मिक बहिरेपणा बहुधा एकाच कानाला होतो. प्रतिकारयंत्रणेमुळे होणारा आजार मात्र सहसा दोन्ही कानांना गाठतो, कधी दुसऱ्याला काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. दोहोंतील भेद त्यामुळे काळच सांगेल, असे तज्ज्ञांचे मत आहे. श्रवणतंत्रिकेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय ठरला आहे, आणि डाव्या कानात फारशी सुधारणा दिसली नाही, तर पडद्यातून आत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा मार्ग आहे. उजव्या कानात जराही फरक जाणवला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, असे त्यांनी बजावले आहे.