चेंबर एकाचे, डिपस्टिक दुसऱ्याची

शिळफाट्याजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये गेली बावीस वर्षे मी जुन्या ट्रकांची इंजिने उतरवण्या-चढवण्याचे काम करतो आहे. हे काम मी टाटाच्या 697 इंजिनावर शिकलो. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) म्हणून त्याचे नाव 697, हे माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुढे कमिन्सचे 6बीटी इंजिन आले आणि आता आमच्याकडे येणाऱ्या जुन्या दहाचाकी गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत तेच असते. ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशीचे इंजिनही तेच होते.

गाडी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून भिवंडीला कॉइल वाहणाऱ्या एका शेठची होती. तिच्या ब्लॉकला वॉटर जॅकेटमध्ये (पाणी फिरण्याच्या पोकळीत) तडा गेला होता आणि तो शिवून भागण्यासारखा नव्हता. शेठने कुर्ल्याहून एक 6बीटी इंजिन आणले. ते एका जनरेटरमधून निघालेले होते, फार चाललेले नव्हते आणि आतून स्वच्छ होते. 102 मिलिमीटर बोअर, 120 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), 5.9 लिटर, कागदावर दोन्ही इंजिने एकच. फ्लायव्हील, त्याचे हाउसिंग आणि एफआय पंप (डिझेल फवारणारा) आम्ही जुन्या इंजिनावरून घेतले, कारण जनरेटरचा पंप ट्रकच्या उपयोगाचा नसतो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, तेही बदलावे लागले, कारण जनरेटरच्या चेंबरचा खोलगट भाग पुढच्या एक्सलच्या बीमवर टेकत होता, तर ट्रकच्या चेंबरचा खोलगट भाग बीमच्या मागे उतरतो.

चेंबर बदलले की आतला, तेल ओढणारा सक्शन पाइप आणि जाळी बदलावीच लागते, हे मला ठाऊक होते आणि तेथे मी कसूर केली नाही. पाइपाचे पॅकिंग नवे घातले, कारण ते जरा जरी हवा घेऊ लागले तर ऑइल पंप तेलाऐवजी हवा ओढतो. जाळी चेंबरच्या तळापासून किती वर राहते हे पाहण्यासाठी शेजारच्या खानावळीतून कणकेचा गोळा आणून जाळीच्या तोंडाला चिकटवला, चेंबर पॅकिंगसह चार बोल्टांवर आवळले आणि पुन्हा उतरवले. दबलेल्या कणकेची जाडी 9 मिलिमीटर भरली. जाळी तळाला चिकटली तर तेल ओढले जात नाही आणि फार वर राहिली तर चढावर उघडी पडते; 9 मिलिमीटर हे मनाजोगे माप होते. डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीची, नळी मात्र ब्लॉकमध्ये पुढच्या बाजूला आधीच घट्ट बसलेली होती, म्हणून ती आणि तिच्यातली डिपस्टिक मी जनरेटरचीच राहू दिली.

तेल हेल्परने भरले. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल येण्यासाठी 20 लिटरची अख्खी बादली संपली आणि आणखी अर्धा लिटर सुट्या डब्यातून घालावे लागले. ‘उस्ताद, हिला तेल जास्त लागलं,’ असे तो म्हणालाही होता. फिल्टर आणि ऑइल कूलर कोरडे आहेत, तिकडे गेले असेल, असे उत्तर देऊन मी पुढच्या कामाला लागलो. त्या उत्तराचे मला आजही वाईट वाटते, कारण फिल्टर आणि कूलर मिळून दोन लिटरांच्या वर काही घेत नाहीत.

सकाळी गाडी माल भरून भिवंडीकडे निघाली. मी ड्रायव्हरमामांच्या शेजारी बसलो होतो. सपाट रस्त्यावर ऑइल प्रेशरचा काटा 4 किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) स्थिर होता. मुंब्रा बायपासचा चढ लागला, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढू लागली आणि काटा थरथरू लागला. आधी 3, मग 2, आणि चढाच्या वरच्या टप्प्यात दीड किलोच्याही खाली. रेटेड आरपीएमला किमान 30 पीएसआय, म्हणजे सुमारे 2.1 किलो प्रेशर हवे आणि आयडलवर 10 पीएसआय, असे कंपनीचे मॅन्युअल सांगते. आरशात पाहिले तर सायलेन्सरमधून निळा धूर येत होता आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची धार रस्त्यावर पडत होती. मागून दुचाकीस्वार येत होते. मामांना गाडी कडेला घ्यायला सांगून इंजिन बंद केले आणि आधी रस्त्यावरच्या तेलावर माती टाकली.

शेठ तासाभरात आले. धूर, ब्रीदर आणि पडते प्रेशर ही तिन्ही लक्षणे ऐकून ‘मिस्त्री, पिस्टनच्या रिंगा गेल्या, टर्बोही गेला, जनरेटरवाल्याने फसवले,’ असे ते म्हणाले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. परंतु मी डिपस्टिक काढून पाहिली तेव्हा तिच्यावर बुडबुड्यांनी भरलेले, फिकट तपकिरी तेल होते. थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवले. पाणी मिसळलेले तेल दुधाळ होते आणि तसेच राहते; हे तेल अर्ध्या तासात निवळले, फेस वर विरून गेला आणि खाली स्वच्छ काळे तेल राहिले. म्हणजे तेलात हवा घुसळली गेली होती. तेलाची पातळी क्रँकपर्यंत (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत) पोहोचली की त्याची वजने तेल घुसळतात, फेस झालेले तेल पंपाच्या हाती लागत नाही म्हणून प्रेशर पडते, ब्रीदर तेल ओकतो आणि टर्बोतून परतणाऱ्या तेलाला वाट न मिळाल्याने ते सीलमधून सायलेन्सरकडे जाते. तिन्ही लक्षणांचे कारण एकच असू शकते, असे मी शेठना सांगितले आणि हाफ इंजिन (हेडखालचा भाग) उघडण्याआधी एक दिवस मागून घेतला.

गाडी ओढून गॅरेजला आणली. चेंबरचे तेल खुणा केलेल्या बादलीत काढले तर 18 लिटर निघाले, आणि रस्त्यावर सांडले ते वेगळे. आमच्या जुन्या, म्हणजे आता बसवलेल्या ट्रकच्या चेंबरची मर्यादा मी पूर्वी मोजलेली होती: खालच्या खुणेला 12 लिटर, वरच्या खुणेला 14. कोपऱ्यात पडलेल्या तडकलेल्या इंजिनाची डिपस्टिक काढली, दोन्ही नळ्या काढून त्यांची ब्लॉकमधली बैठक जुळवली आणि डिपस्टिका शेजारी धरल्या. जनरेटरच्या डिपस्टिकची वरची खूण 11 मिलिमीटर वर होती.

एवढ्याने चार लिटरांचा हिशेब पुरा होत नव्हता. 11 मिलिमीटरने दोन लिटरांच्या आसपास तेल वाढते. उरलेले कोठून आले, हे मला गाडीखाली पाठीवर पडल्यावर दिसले. जनरेटरमध्ये इंजिन सपाट बसते, ट्रकमध्ये ते गिअरबॉक्सकडे किंचित झुकलेले असते. 30 सेंटिमीटरची पाणसळ मी चेंबरच्या कडेला खालून लावली. बुडबुडा मध्यावर आणून मागचे टोक टेकवले तेव्हा पुढच्या टोकाशी 16 मिलिमीटर फट राहिली. जनरेटरची डिपस्टिक चेंबरच्या मध्यापासून साधारण पाणसळीच्या लांबीइतकीच, 30 सेंटिमीटर, पुढे होती. तेल मागे जमा होणार आणि पुढची डिपस्टिक 16 मिलिमीटर कमी दाखवणार. म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या. त्या उलटसुलट असत्या तर कदाचित एकमेकींना झाकून गेल्या असत्या आणि कोणाला कळलेही नसते.

नवे तेल घालण्याआधी फिल्टर करवतीने कापला. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात पाहिल्या, चुंबक फिरवले. बेअरिंगच्या धातूची चमक कोठेही नव्हती. तेव्हा कोठे माझा जीव खाली आला, कारण फेसाळ तेलावर गाडी आणखी दोन-तीन चढ चढली असती तर मेन बेअरिंगे वाचली नसती.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला डिपस्टिकची दुसरी जागा असते. तिच्यावरचे बूच काढून तेथे ट्रकची नळी सीलंट लावून ठोकली आणि पुढच्या भोकाला नवे बूच बसवले. मग गाडी सपाट लाद्यांवर उभी करून चेंबरमध्ये मापाने 12 लिटर तेल घातले, दहा मिनिटे थांबलो आणि डिपस्टिक पाहिली. तेल खालच्या खुणेच्या केसभर वर होते. आणखी दोन लिटर घातल्यावर वरची खूण बरोबर भिजली. इंजिन सुरू करून फिल्टर भरू दिला, बंद करून पुन्हा पाहिले आणि जेवढे कमी झाले तेवढेच घातले. या वेळी सगळी मापे मी स्वतः ओतली आणि हेल्परने वहीत आकडे लिहिले.

तिसऱ्या दिवशी तीच गाडी तोच माल घेऊन मुंब्रा बायपास चढली. शेठही केबिनमध्ये होते. काटा साडेतीन किलोवर होता आणि चढ संपेपर्यंत तेथून हलला नाही. भिवंडीच्या गोदामापाशी इंजिन गरम असताना आयडलवर सव्वा किलो दिसले. शेठनी खाली उतरून ब्रीदरच्या तोंडाशी बोट फिरवले, ते कोरडे निघाले, आणि त्यांनी आरसी बुकात नव्या इंजिन नंबरची नोंद करून घेण्यासाठी एजंटला फोन लावला. जनरेटरचे चेंबर, सक्शन पाइप, नळी आणि डिपस्टिक मी त्याच संध्याकाळी एका तारेने एकत्र बांधून माळ्यावर ठेवली.