बार्शी लाईटची इंग्लंडमधली धाकटी बहीण

इंग्लंडमधल्या स्टोकला राहायला येऊन चार वर्षं झाली, तरी मॅनिफोल्डच्या खोऱ्यात जायला यंदाचा मे उजाडला. वॉटरहाउसेस गावातून सायकल काढली की डांबरी वाट आधी हॅम्प्स आणि मग मॅनिफोल्ड नदीच्या कडेनं तेरा किलोमीटर जाते आणि ह्यूम एंडला संपते. दमवणारा चढ कुठेच नाही, कारण ही मुळात रेल्वेची वाट.

ह्यूम एंडच्या जुन्या स्टेशनात आता माहिती केंद्र आहे. तिथे एका इंजिनाचं नाव वाचलं आणि जागीच थबकलो. ई. आर. कॅलथ्रॉप. म्हणजे आमच्या बार्शी लाईट रेल्वेचे कॅलथ्रॉपसाहेब!

मी बार्शीचा. आमची आजी आषाढीला याच गाडीनं कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला जायची. कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी लाईन सुरू केली. त्यांचा हिशेब असा: गाडीचं वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि लाईन स्वस्तात होते. बार्शीला हे जमलं, म्हणून स्टॅफर्डशायरच्या, म्हणजे इथल्या, लोकांनी त्यांनाच बोलावलं. २७ जून १९०४ ला लीक अँड मॅनिफोल्ड लाईन सुरू झाली. रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. विलायतेची नक्कल आपल्याकडे झाल्याचं आपण नेहमी ऐकतो. इथे बार्शीचा कित्ता विलायतेनं गिरवला, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

मोठ्या रुळांवरची अख्खी वाघीण, म्हणजे मालडबा, छोट्या गाडीच्या पाठीवर चढवायची युक्तीही इथे होती. एक्टनच्या डेअरीतलं दूध असं वॉटरहाउसेसपर्यंत यायचं आणि तिथून मोठ्या लाईननं लंडनकडे जायचं. माल उतरवा-चढवायची दगदग नाही.

पण माणसं कुठून आणणार? वेटन, ग्रिंडन ही गावं वर डोंगरावर आणि स्टेशनं खाली नदीकाठी. बाजार करून पिशव्या घेऊन तो चढ कोण चढेल? मोटारबस दारापर्यंत यायला लागली तशी गाडी रिकामी पडली. सुट्टीच्या दिवशी सहलीची गर्दी व्हायची, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. बार्शी लाईटच्या मागे पंढरीची वारी होती, कापूस होता. इथे दुधाचा आधार होता, आणि डेअरी बंद पडल्यावर तोही गेला. मार्च १९३४ मध्ये, तीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, लाईन बंद झाली. रूळ उखडले, पण वाट कौन्टीच्या ताब्यात आली आणि १९३७ पासून लोकांसाठी खुली आहे. हे मात्र यांनी फार चांगलं केलं.

परतताना स्वेन्झलीच्या बोगद्यात थांबलो. आत गार हवा, भिंतींना ओल. एवढ्याशा गाडीसाठी बोगदा चांगलाच उंच, कारण पाठीवर मोठी वाघीण घेऊन जायचं होतं. तोंडाशी येऊन अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वरच्या कमानीकडे फिरवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपली गाडी बसली असती का रे ह्यातनं?"

"आरामात, अण्णा."