मुक्कामी गाडीचा चिंटू

वाईचं घर आवरताना आईच्या शिलाई मशीनच्या खणात एक शंभर पानी वही सापडली. खाकी कव्हर, वर पांढऱ्या लेबलवर माझं नाव, आणि विषय लिहायच्या ओळीवर आण्णांच्या अक्षरात एकच शब्द : चिंटू. आत पानापानावर पेपरातून कापलेल्या व्यंगचित्रांच्या पट्ट्या आहेत. खळीने चिकटवलेल्या, त्यामुळे काही ठिकाणी झुरळांनी कडा खाल्ल्या आहेत. प्रत्येक पट्टीखाली पेन्सिलीने तारीख, आणि तारखेपुढे गावाचं नाव. स्वारगेट. बोरिवली. स्वारगेट. मुक्कामी.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, वाई डेपोला. ती गावांची नावं म्हणजे त्यांच्या त्या त्या दिवसाच्या ड्युट्या.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू, म्हणजे एका खोडकर मुलाची रोजची चित्रपट्टी, ‘सकाळ’ या वर्तमानपत्रात २१ नोव्हेंबर १९९१ ला सुरू झाली. मी तेव्हा दुसरीत होते. बहुतेकांच्या आठवणीत तो सकाळच्या वेळेचा आहे. दारात पेपर पडला, चहाबरोबर शेवटपर्यंत वाचला, आणि मुलांनी मात्र आधी चिंटू पाहिला. आमच्याकडे पेपर लावलेला नव्हता. आण्णा ड्युटी संपवून येताना स्टँडवरच्या स्टॉलवरून एक अंक आणायचे. डब्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तो अंक दिवेलागणीला घरी पोचायचा, आणि नेमकी तीच माझी गृहपाठाची वेळ असायची. म्हणून माझ्या डोक्यात चिंटू आणि गृहपाठ कधी वेगळे झालेच नाहीत. पाटीवर पाढे, स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास, आण्णांच्या खाकी शर्टाला डिझेलचा वास, आणि पिशवीतून डोकावणारं पेपराचं टोक.

आईचा नियम होता की आधी गृहपाठ, मग पेपर. आण्णा तो नियम रोज मोडायचे. हातपाय धुऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसायचे, पेपर उघडायचे, आणि चिंटू मोठ्याने वाचायचे. आण्णा सातवीपर्यंत शिकलेले. वाचताना बोट शब्दाखाली धरून सरकवायचे. पण चिंटू वाचताना ते आवाज काढायचे. चिंटूचा एक, पप्पूचा एक, जोशी काकूंचा तर असा चढा की शेजारच्या खोलीतून आजी विचारायची, कोण आलंय? आणि चिंटूची आई बोलायला लागली की हुबेहूब माझी आई. “गृहपाठ झाला का?” एवढंच वाक्य असलं तरी ते आईच्या सुरात यायचं, आणि ओट्यापाशी उभी असलेली आई पाठमोरी हसायची.

जोरच्या खोऱ्याकडे किंवा धोमच्या पलीकडे मुक्कामी गाडी असली की आण्णा रात्री तिकडेच राहायचे. गाडी शेवटच्या गावात उभी करायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परतायचं. त्या संध्याकाळी चिंटू नसायचा. दुसऱ्या दिवशी दोन चिंटू मिळायचे. वहीत अशा ठिकाणी एकाच पानावर दोन पट्ट्या आहेत आणि पुढे लिहिलंय, “मुक्कामी, २”. स्टॉलवाला आदल्या दिवसाचा एक अंक आण्णांसाठी बाजूला काढून ठेवायचा. त्या माणसाचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलं नाही, पण त्याने माझ्यासाठी किती अंक राखून ठेवले हे आता मोजता येतं. या एका वहीत असे एकेचाळीस आहेत.

ही वही मुळात तयार कशी झाली तेही सांगते. तिसरीत असताना मला चिंटू इतका आवडायला लागला की एक दिवस मी पट्टी कापून थेट गृहपाठाच्या वहीत चिकटवली, भागाकाराच्या गणितांखाली. त्या पट्टीत चिंटूचा गृहपाठ राहिलेला होता, म्हणून मला वाटलं की तिची जागा हीच. शाळेत बाईंनी लाल शाईने त्यावर फुली मारली, शेरा लिहिला आणि पालकांची सही आणायला सांगितली. दिवसभर माझ्या पोटात गोळा होता. संध्याकाळी आण्णांसमोर वही ठेवली. त्यांनी शेरा बोट धरून वाचला, पुन्हा वाचला, खिशातलं पेन काढून सावकाश सही केली आणि वही मिटली. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीतून पेपराबरोबर नवी शंभर पानी वही निघाली, कव्हर घातलेली. म्हणाले, “ती बाईंची वही. ही तुझी.”

मी त्या बाईंना दोष देत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ते लाडिक वाटलं असणार. पण आण्णांनी जे केलं ते मला आजही शिक्षणाबद्दल वाचलेल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा मोठं वाटतं.

वर्तमानपत्रातल्या मुलांच्या व्यंगचित्रांत गृहपाठ इतका का येतो, यावर मी बराच विचार केला आहे. रोजच्या पट्टीला असा विषय लागतो जो आज संपला तरी उद्या पुन्हा नव्याने उभा राहील. घरात अशा गोष्टी थोड्याच : भांडी, धुणं, भाजी काय करायची आणि गृहपाठ. त्यातला गृहपाठ तेवढा मुलाच्या वाट्याचा. शिवाय तो तीन-चार चौकटींत बरोबर मावतो. पहिल्या चौकटीत आई विचारते, दुसरीत मूल उत्तर देतं, तिसरीत आई किंवा पप्पा त्या उत्तरावर विचार करतात, आणि शेवटी कळतं की मुलाने शब्द न् शब्द खरा सांगितला होता, फक्त आपण ऐकलं वेगळं. त्यात शिक्षा क्वचितच पूर्ण होते. रागावलेली आई शेवटच्या चौकटीत रागावलेलीच राहते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कोरं. खऱ्या घरात राग असा रातोरात पुसला जात नाही. पण त्या चौकटी रोज वाचल्याने तो पुसता येतो, हे तरी आमच्या घराला माहीत झालं होतं.

आणि चिंटू पुढच्या वर्गात जात नाही! मी चौथीत स्कॉलरशिपला बसले (तेव्हा ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची), पाचवीत इंग्रजी सुरू झालं, सातवीत बीजगणिताने घाम फोडला, आणि चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू तिथेच. छोटा सोनू तर छोटाच. मला त्याचा हेवा वाटायचा असं नाही. उलट आधार वाटायचा, की मागे वळून पाहिलं तर कोणीतरी अजून तिथे आहे.

पाचवीतल्या इंग्रजीने आमच्या संध्याकाळींत एक बदल झाला, त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. मला स्पेलिंग अडलं की मी सवयीने आण्णांकडे बघायचे. ते काहीतरी काम काढून उठायचे. सायकल बघतो, पाणी आलं का बघतो. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ते माझ्या प्रश्नापासून उठून जातायत. मग मी विचारणंच सोडलं. पण चिंटूच्या वेळी ते परत येऊन बसायचे. त्या तासाभरात तो एवढा एक कागद असा होता ज्यावर आम्ही दोघं बरोबरीचे होतो. मला कळलेलं त्यांना कळायचं, त्यांना आधी हसू आलं तर मी विचारायचे का हसलात, आणि ते समजावून सांगायचे. आण्णांनी मला शिकवलं ते असं.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “चिंटूचे पप्पा रोज घरी कसे हो?” आण्णा म्हणाले, “त्यांना मुक्कामी गाडी नसते.” तेव्हा मी ते नुसतं ऐकलं. आता वाटतं, चिंटूवर इतका जीव असूनही हे म्हणायलाच हवं : वर्तमानपत्रातली ही घरं बहुतेक ठरलेल्या वेळी घरी येणाऱ्या वडिलांची, गणित सोडवून देऊ शकणाऱ्या पालकांची. मूल अभ्यास टाळतं आणि मोठ्यांना तो येत असतो, यावरच तिथला विनोद उभा असतो. ज्या घरात मुलाला अभ्यास हवाय आणि मोठ्यांना तो येत नाही, त्या घराची पट्टी मला कुठे सापडली नाही. ती कोणीतरी काढायला हवी. काढली तर ती हसवणारीही होऊ शकेल, कारण आमच्या घरात हसू पुष्कळ होतं.

आमच्या घरात आणखी एक चित्रकार होते, ते धाकट्या आत्याच्या जुन्या गणिताच्या पुस्तकातून आलेले. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांना शि. द. फडणीसांची चित्रं होती, हे मला मोठेपणी कळलं. शब्दांशिवाय हसवणारे फडणीस, १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला जन्मलेले, त्यांनी बेरीज-वजाबाकी शिकणाऱ्या मुलांसाठी चित्रं काढावीत हे केवढं भाग्य. आत्याने ते पुस्तक रद्दीत घातलं नव्हतं. तिला गणित आवडायचं, आणि ती म्हणायची, पुस्तकातली माणसं माझ्यावर चिडलेली नव्हती म्हणून.

मोठी झाल्यावर आणखी एक गोष्ट वाचली आणि ती मनातून गेली नाही. आर. के. लक्ष्मण लहानपणी म्हैसूरला शाळेत होते. मास्तरांनी वर्गाला पान काढायला सांगितलं, यांनी पिंपळाचं काढलं, आणि मास्तरांनी त्याचं कौतुक केलं. एवढ्याशा कौतुकावर त्या मुलाने स्वतःला चित्रकार मानायला सुरुवात केली. त्यांचे थोरले भाऊ, लेखक आर. के. नारायण, राज्यसभेत नेमले गेले होते. १९८९ साली ते तिथे बोलले ते शाळकरी मुलांच्या दप्तराबद्दल : ओझ्याने मुलं वाकतात, हात पुढे लोंबवत चालतात, शाळेतून आल्यावर पुन्हा गृहपाठ, त्यांना खेळायला आणि स्वप्नं बघायला वेळच राहत नाही. पुढे यशपाल समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा तिचा अहवाल आला. एक भाऊ रोज पेपरात सामान्य माणूस काढत होता आणि दुसरा संसदेत मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याविषयी बोलत होता, हे मला फार जवळचं वाटतं. तो अहवाल आला त्या वर्षी मी चौथीत होते. माझं दप्तर हलकंच होतं, आमच्या शाळेत पुस्तकंच कमी. आता लेकीचं दप्तर उचलताना मला नारायण यांचं ते भाषण आठवतं.

लेक तिसरीत आहे. तिचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो, रात्री नऊलासुद्धा येतो. प्रोजेक्ट असला की थर्माकोल, प्रिंटआउट आणि आयांची धावपळ. तिच्या बाबाने तिला कॅल्विनच्या पट्ट्यांच्या नादी लावलं आहे. कॅल्विन हा ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ या अमेरिकन चित्रपट्टीतला मुलगा; बिल वॉटरसन यांनी १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं ती काढली. वटवाघळावर निबंध लिहायचा असतो आणि कॅल्विन वटवाघूळ म्हणजे किडाच असं ठरवून बसतो, ती गोष्ट तिला तोंडपाठ आहे. कॅल्विनच्या आईवडिलांना वॉटरसननी नावं दिली नाहीत. चिंटूच्या घरातही आई ती आई आणि पप्पा ते पप्पाच. मुलाच्या उंचीवरून बघितलं की असंच दिसतं. आई-वडिलांना नाव असतं हे मलाही एसटीचा पास काढताना पहिल्यांदा जाणवलं होतं.

आण्णा आता आमच्याकडेच असतात. त्यांचा डावा डोळा अधू झालाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही अक्षर लागत नाही. त्यामुळे काल वही लेकीने वाचली. ती गृहपाठ बाजूला ठेवून आजोबांच्या पलंगावर चढली, बोट शब्दाखाली धरून वाचायला लागली, मराठी वाचन तिचं अजून अडखळतं. तिने आवाज काढले नाहीत. दोन पट्ट्या झाल्यावर आण्णा म्हणाले, “थांब. जोशी काकू अशा बोलत नाहीत.” आणि त्यांनी काढून दाखवला, तोच चढा आवाज, मधे खोकला आला तरी सोडला नाही. माझी आई असती तर पाठमोरी हसली असती.

मग लेकीने पानाच्या कडेची पेन्सिल वाचली.

“आजोबा, मुक्कामी म्हणजे काय?”

आण्णांनी उशी पाठीशी सरकवून घेतली. “धोमच्या पुढे रस्ता संपायचा बघ,” ते म्हणाले, “तिथे शेवटचं गाव. रात्री आठला गाडी लावायची...”

ग्रुपवर काहीतरी आलं होतं. मी फोन पालथा ठेवला.