तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या मी काय ऐकतेय

"सध्या काय ऐकतेयस?" हा प्रश्न मला खूप जणांकडून येतो, मेसेजमध्ये येतो, फोन ठेवता ठेवता येतो, कधी नुसतं "काहीतरी चांगलं पाठव ना" असा येतो, आणि दर वेळी माझं उत्तर लांबतं. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, एक लिंक, झालं. पण नुसत्या नावाने काही होत नाही असं माझं ठाम मत आहे. वीस गाण्यांची प्लेलिस्ट आली की माणूस "मस्त, ऐकतो" म्हणतो, शफलवर दोन ट्रॅक लावतो आणि विषय तिथेच संपतो, आणि यात ऐकणाऱ्याचा काही दोष नसतो, त्या वीसमध्ये नेमकं काय आवडलं हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी जागा सांगते. कितव्या मिनिटाला काय होतं, कान कुठे ठेवायचा. गाणाऱ्याने एखादी सुरेख जागा घेतली की आपण आपोआप शेजारच्याकडे बघतो ना, ते बघणं मला लिंकसोबत पाठवायचं असतं.

तर सध्या. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९चा. जॅझमध्ये कुणालाही सांगितला जाणारा पहिला अल्बम हाच, त्यामुळे बरेच जण "हो हो, माहितीये" म्हणून पुढे जातात. पण तो फोनच्या स्पीकरवर ऐकला असेल तर ऐकलाच नाहीत असं धरा, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये. पहिला ट्रॅक 'सो व्हॉट', त्यात मुख्य धून वाजवतो तो डबल बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य), पॉल चेंबर्सचा, बाकीचे वादक त्याला दोन सुरांत नुसता होकार देतात. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून इतके खालचे सूर नीट निघतच नाहीत, म्हणजे बासने विचारलेला प्रश्न गायब आणि तुम्ही फक्त होकार ऐकताय. हेडफोन लावा, साधे चालतील. मग साधारण दीड मिनिटाला माइल्सचा सोलो सुरू होतो आणि नेमक्या त्या क्षणी ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक ठोका टाकतो, तो कितीतरी वेळ झणझणत राहतो आणि त्याच्या आत ट्रम्पेट चालू लागतो. ही ती जागा. तो एक ठोका ऐकण्यासाठी मी तो ट्रॅक परत मागे नेते. अजून एक, या अल्बमच्या पहिल्या सेशनला टेप मशीन किंचित हळू चालत होतं, ती टेप पुढे नेहमीच्या वेगाने वाजवली गेली, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक अनेक वर्षं थोडे चढ्या सुरात वाजत राहिले, १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे जुनी रेकॉर्ड आणि आताचं स्ट्रीमिंग शेजारी शेजारी लावलं तर सूर जुळणार नाही, तुमच्या कानात काही बिघाड नाही.

ज्या स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं तो न्यूयॉर्कमधला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ म्हणजे मूळचं एक चर्च, उंच छताचं. आणि याच जागेत पियानोवादक ग्लेन गूल्डने जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' दोनदा रेकॉर्ड केली, एकदा १९५५ला आणि एकदा १९८१ला. सध्या माझं सगळ्यात जास्त ऐकणं चाललंय ते हे. सुरुवातीला एक आरिया, म्हणजे मूळ धून, मग तिच्यावर बांधलेली तीस रूपं आणि शेवटी तीच आरिया परत, इतकी साधी रचना. १९५५ला गूल्ड बावीस वर्षांचा होता, ते सगळं सुमारे ३८ मिनिटांत संपतं, बोटं अक्षरशः पळतात, मजा येते, दम लागतो. १९८१ची तीच रचना सुमारे ५१ मिनिटांची. आता यातला काही वेळ त्याने नंतर काही भाग दोनदा वाजवले म्हणूनही वाढलाय, सगळा फरक लयीचा नाही, पण आरिया तेवढी दोन्हींतली लागोपाठ ऐका, पहिली दोन मिनिटांच्या आत संपते आणि दुसरीला तीन मिनिटांच्या वर लागतात, कागदावर सूर तेच. पहिल्यात तो आपल्याला काहीतरी दाखवतोय असं वाटतं आणि दुसऱ्यात तो स्वतःच प्रत्येक सूर ऐकतोय, पुढचा टाकू का म्हणून थांबतोय. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, पन्नासाव्या वर्षी. हे माहीत झाल्यावर शेवटची आरिया वेगळी ऐकू येते, माझ्या बाबतीत तरी येते, आणि मला ती तशी ऐकू यायला हवीच आहे.

ही दोन रेकॉर्डिंग मी कुणालाही पाठवते, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत कळतं की नाही हा प्रश्नच नाही, कारण एकच गोष्ट एकाच माणसाने सव्वीस वर्षांच्या अंतराने सांगितलेली ऐकायला काही कळावं लागत नाही. जागा म्हणून सांगायचं तर त्याचं गुणगुणणं. गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, ते काही केल्या थांबायचं नाही, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये पियानोच्या मागे ऐकू येतं. काहींना त्याचा त्रास होतो, मला उलट तिथेच तो माणूस सापडतो.

गुणगुणण्यावरून आठवला तो पियानोवादक कीथ जॅरेट. 'द कोल्न कॉन्सर्ट', २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं (जर्मनमध्ये कोल्न) ऑपेरा हाउस, रात्री साडेअकराचा कार्यक्रम. स्टेजवर भलताच पियानो आला होता, आकाराने लहान, वरचे सूर कर्कश, खालच्यांना भरीवपणा नाही, पेडल नीट चालेनात. वाजवू नये अशीच परिस्थिती होती आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या तरुण मुलीने, व्हेरा ब्रांडेसने, त्याला कसंबसं तयार केलं. आणि मग तो जे वाजवतो ते सगळं तिथल्या तिथे सुचलेलं, आधी लिहिलेलं काहीच नाही. वरचे सूर बरे नाहीत म्हणून तो बराच वेळ मधल्या पट्टीत राहतो, खालून भरीवपणा मिळत नाही म्हणून डाव्या हाताने तीच तीच लय घोळवत राहतो, आणि त्या घोळवण्यातूनच ती जादू तयार होते, पियानो धड असता तर हा अल्बम असा झाला नसता असं मला मनापासून वाटतं. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा आहे. मधेच थांबवू नका प्लीज. तेवढा वेळ नसेल तर आज ऐकूच नका, वेळ असेल त्या दिवशी ऐका. एखादी गोष्ट हाताला लागली की हा माणूस कण्हतो, ओरडतो, तिकडे लक्ष ठेवा, त्याच्या आवाजावरून कळतं की आता काहीतरी येतंय.

'प्रॉमिसेस' हा २०२१चा. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. नऊ भाग, पण तुकडा एकच, सुमारे ४६ मिनिटांचा, आणि जवळपास सगळा वेळ एक छोटीशी सुरावट परत परत येत राहते. सँडर्स तेव्हा ऐंशीचा. चौथ्या भागात तो सॅक्सोफोन बाजूला ठेवून नुसत्या तोंडाने काहीतरी पुटपुटतो, शब्द नाहीत, आणि मला तर तो अख्ख्या अल्बमचा गाभा वाटतो. सहाव्या भागात ऑर्केस्ट्रा उसळतो, तेव्हा आवाज आधीच थोडा कमी ठेवलेला बरा.

पाकिस्तानी गायिका अरूज आफताबचा 'व्हल्चर प्रिन्स' पण चालू आहे. तिने तो गेलेल्या धाकट्या भावाच्या नावे केलाय. त्यातली 'मोहब्बत' ही गझल मेहदी हसनच्या आवाजात अनेकांनी ऐकलेली असते, आधी ती ऐका आणि मग हिची, लगेच.

आणि कुमार गंधर्व. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या कानावरून 'सुनता है गुरु ग्यानी' आधीच गेलं असेल, तरीही मी ते पाठवतेच. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद होतं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते माहीत असणं बाजूला ठेवून फक्त एवढं ऐका की पहिली हाक कशी उंच फेकलेली आहे आणि 'झीनी झीनी'ला तोच आवाज किती बारीक होतो, जेमतेम ऐकू येण्याइतका. मोठ्यातून लहानात जाण्याची ती जागा. मी ती पाठवते तेव्हा सोबत काही लिहीत नाही, फक्त मिनिट आणि सेकंद लिहिते.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ला आला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी एकत्र ऐकावं म्हणून, आणि एक बटण होतं जे दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. मला हे फार आवडतं. गाणं चालू असताना "आता ऐक, आता" म्हणायची सोय त्या डबीतच केलेली होती, आणि मी जे मिनिट-सेकंद लिहून पाठवते ते त्याच बटणाचं काम करायला.

काही जण विचारतात की समोरच्याला नाही आवडलं तर. नाही आवडलं तर नाही आवडलं, पण मला ते सांगा, "छान आहे" एवढं नको. माझ्या एका मैत्रिणीने 'कोल्न'बद्दल कळवलं की शेवटी शेवटी फार गोड होतं, मला सहन होत नाही, त्यावर आम्ही खूप वेळ बोललो आणि त्या बोलण्यामुळे मी तो शेवटचा भाग परत ऐकला. मला तो अजूनही आवडतो. तिला नाही.

आता तुमची पाळी. पाठवा, एका वेळी एकच पाठवा, अल्बम असेल तर कुठल्या ट्रॅकपासून सुरू करू ते लिहा, गाणं असेल तर तुम्ही कुठल्या मिनिटाला थांबलात ते लिहा. भाषा कुठलीही चालेल, प्रकार कुठलाही चालेल. ऐकून झालं की मी कळवेन, थोडा वेळ लागेल, कारण मी पूर्ण ऐकते.